नवरी म्हणजे पॉइंट ५७९०

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमची कंपनी पूर्व लडाखमधल्या पोस्टवर चढली. उंची सतरा हजार फूट. मी तेव्हा हवालदार होतो आणि नोकरीला अठरा वर्षं झाली होती. पोस्टसमोर उत्तरेला आठ शिखरांची एक रांग होती. रांगेच्या पलीकडे चिनी आणि अलीकडे आम्ही. रांगेतून आमच्या बाजूला नाले उतरत आणि त्या नाल्यांमधून आमचं पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, फिरायची.

आमच्या नकाशावर त्या शिखरांना नावं नव्हती, प्रत्येकाला फक्त उंचीचा आकडा होता. पॉइंट अमुक, पॉइंट तमुक. थंडीने बोटं आखडलेली आणि डोकं जड झालेलं असताना आठ आकडे लक्षात ठेवणं कठीण जातं. म्हणून पहिल्याच महिन्यात आम्ही त्यांना नावं दिली. आम्ही म्हणजे मी आणि नाईक भरत देसले.

मी शहापूर तालुक्यातला, किन्हवलीजवळचा. भरत मुरबाडचा, गोरखगडाच्या पायथ्याचा. कंपनीत सगळे मराठी, पण आमच्या भागातले आम्ही दोघंच. माझ्यापेक्षा तो नऊ वर्षांनी लहान. ड्युटीवर मला हवालदार साहेब म्हणायचा आणि ड्युटी संपली की दादा. पेट्रोल बुक त्याच्याकडे असायचं. अक्षर वाईट, पण नोंद कधी चुकली नाही.

आमच्या तालुक्यातला माहुलीचा किल्ला ज्यांनी पाहिलाय त्यांना तिथले सुळके माहीत असतील. वजीर, नवरा, नवरी, करवली, भटजी. आख्खं लग्नाचं वऱ्हाड डोंगरावर उभं आहे. समोरच्या रांगेतल्या उजवीकडच्या पाच शिखरांना मी ती नावं देऊन टाकली. डावीकडची तीन भरतने घेतली: गोरख, मच्छिंद्र आणि सिद्धगड. महाशिवरात्रीला गोरखगडावर जाणं त्याने सुट्टी असताना कधी चुकवलं नव्हतं. आमचं घर बौद्ध, नवस-यात्रा आमच्याकडे नाहीत, पण डोंगर सगळ्यांचेच असतात.

भरतची एकच तक्रार होती.

"पाच तुमचे आन् तीनच आमचे? ह्यो कुठला न्याय, दादा?"

"सीनियॉरिटी," मी म्हणायचो.

ही नावं कंपनीत इतकी रुळली की कंपनी कमांडर साहेबांनी रेडिओवरही तीच वापरायला सांगितली. पलीकडचे आमचं बोलणं ऐकत असणार हे धरूनच चालायचं असतं. त्यांना हिंदी कळत असेल, पण भटजीच्या डावीकडे करवली हे कुठल्या शब्दकोशात शोधणार? आम्हाला आमच्या हुशारीचं कौतुक वाटायचं. हिवाळाभर आम्ही एकदाही पॉइंटचा आकडा उच्चारला नाही.

फेब्रुवारीत कॅप्टन बोरा पोस्टवर येऊन चार दिवस राहिले. आसामचे होते. चिनी भाषा शिकलेले, दोन्ही बाजूंच्या बैठकांना दुभाषी म्हणून जायचे. एका संध्याकाळी बुखारीच्या शेगडीभोवती जेवताना त्यांनी सांगितलं की पलीकडच्या नकाशावर या रांगेला नावं आहेत. त्यांच्या पुराणकथांमध्ये आठ सिद्धपुरुष आहेत, कधीच न मरणारे. एकाच्या हातात लोखंडी कुबडी. एक गाढवावर उलटा बसून फिरतो. एक बासरी वाजवतो, एकाजवळ तलवार. त्यांच्या नावांवरून ही आठ शिखरं.

भरत जेवायचा थांबला. "साहेब, ये तो हमारे नवनाथ हुए," तो म्हणाला.

"नौ नहीं, आठ," कॅप्टन हसले. "और उनमें एक औरत है. एक ही. हाथ में कमल. नाम है हे शियेनगू."

कोणतं शिखर तिचं, असं आम्ही विचारलं. ते बाहेर आले आणि उजेड होता तेवढ्यात बोटाने दाखवलं. डावीकडून सहावं. आमच्याकडची नवरी.

"चला," भरत म्हणाला, "बाकी भांडण हाय, पण नवरी दोन्हीकडची येकच."

कॅप्टन साहेबांना मी त्याचं हिंदी करून सांगितलं. ते बराच वेळ हसत होते.

मार्चमध्ये आमची पलटण उतरायची होती. नवी पलटण आली, पहाडी जवानांची. खालचं कंट्रोल त्यांनी ताब्यात घेतलं, आमची कंपनी टप्प्याटप्प्याने निघू लागली; शेवटी पोस्टवर मी आणि भरत एवढेच मागे उरलो. जाणाऱ्याने येणाऱ्याला एकेक नाला पायी फिरवून दाखवायचा असतो. शिवाय हँडओव्हरचा नकाशा द्यायचा असतो. तो मी काढला. रेखीव काढला, शाळेपासून माझी चित्रकला चांगली. आठ शिखरं, आठ नावं. आकडे त्यापुढे लिहायला घेतले होते, पहिला भटजीचा आणि दुसरा करवलीचा. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि बाकीचे राहून गेले. उद्या लिहू आणि मग खाली कंट्रोलला पाठवू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ६.५० ला आम्ही तिघं निघालो. मी, भरत आणि नव्या पलटणीचा लान्स नाईक नेगी. त्याला नवरीखालचा नाला दाखवायचा होता. आकाश निरभ्र होतं. दोन दिवस आधी बर्फ पडून गेला होता आणि आता ऊन चांगलं तापत होतं. हे लक्षण बरं नाही हे मला माहीत होतं, म्हणून दुपारच्या आत परतायचं ठरवलं.

थांबत, एकेक जागा दाखवत ११.२० ला नाल्याच्या डोक्याशी असलेल्या शेल्टरमध्ये पोचलो. पेट्रोलने वारा चुकवायला बांधलेली खोली ती. एका मोठ्या खडकाला टेकून दगडी भिंत, वर लोखंडी अँगल आणि पत्रा. मी आणि नेगी आत जाऊन बसलो. रेडिओ सेट माझ्या छातीला होता. भरतने पाठीवरची पिशवी दाराबाहेर उतरवली. तिच्यात जीपीएस, सेटची दुसरी बॅटरी आणि पेट्रोल बुक होतं. तो दारात वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

११.४० ला वरून आवाज आला. डंपर दगड ओततो तसा आवाज. मी "भरत, आत!" असं ओरडलो. तो अर्धा आत आला आणि अंधार झाला.

हेडलॅम्प लावून पाहिलं. दार बर्फाने बंद. पत्रा वाकून आमच्या डोक्यापर्यंत आला होता, पण खडकाच्या बाजूने टिकला होता. दारावरचा अँगल भरतच्या कमरेवर पडला होता. छातीपासून वर तो आमच्यात आणि कमरेखाली बर्फात. आम्ही दोघांनी जोर लावला. अँगल हलला नाही. उलट वरून बर्फ सुटू लागला, म्हणून थांबलो.

"पाय जाणवतात का रे?" मी विचारलं.

"हायेत," तो म्हणाला. "असावेत."

नेगीकडे बर्फात खुपसायची जोडाची सळई होती. ती वर खुपसत पत्र्याच्या कडेने भोक पाडलं. तीन मीटरवर सळई मोकळी झाली. हवेची सोय झाली. तिच्याच आधाराने सेटची एरियल वर सरकवली. सेटच्या पडद्यावर बॅटरीचा एकच दांडा शिल्लक होता. १२.०५ ला कंट्रोल मिळालं. ऑपरेटर नव्या पलटणीचा होता, आवाज ओळखीचा नव्हता.

"तीन आदमी शेल्टर में दबे हैं. एक घायल. शेल्टर नवरी के नीचे. ओव्हर."

"नवरी क्या? से अगेन. ओव्हर."

"नवरी. हमारे नकाशे पे लिखा है. ओव्हर."

थोडा वेळ खरखर. "वो नक्शा यहाँ नहीं आया. पॉइंट बताओ. पॉइंट. ओव्हर."

हिवाळाभर ज्या शिखराखाली चाललो होतो त्याचा आकडा मला आठवेना. नाव मी दिलेलं, नकाशा मी काढलेला, आणि आकडा नाही. डोक्यात एकच आकडा घुमत होता, आदल्या दिवशी नकाशावर शेवटी लिहिलेला. तो मी दिला.

"पॉइंट ५८४५. ओव्हर."

"५८४५. रॉजर. पार्टी निकल रही है. बॅटरी बचाओ. हर घंटे पे सेट खोलो. आउट."

मी सेट बंद केला. घड्याळात १२.१० झाले होते. भरत खालून माझ्याकडे पाहत होता.

"दादा," तो म्हणाला, "५८४५ करवली हाय. नवरी ५७९० हाय."

इथे मला नीट सांगायला हवं, कारण याआधी कधी नीट सांगितलं नाही. भरत शांतपणे बोलला होता. बडबडत नव्हता. आणि पेट्रोल बुकात रोज आकडे लिहिणारा तोच होता. पण मी हवालदार, मघाशीच रेडिओवर आकडा दिलेला. समोर दुसऱ्या पलटणीचा नेगी बसलेला. दोन दिवसांत खाली उतरताना यांच्या मेसमध्ये काय बोललं जाईल, मराठी हवालदाराला स्वतःच्या नाल्याचा नंबर माहीत नव्हता! इतक्या वाईट वेळी माणसाच्या मनात इतकी क्षुल्लक गोष्ट येते, याची मला आजही लाज वाटते.

"गप पड," मी म्हणालो. "बोलू नको, दम लागेल."

तो गप पडला. नाईक होता आणि हवालदाराने सांगितलं होतं.

एक वाजता सेट उघडला. पार्टी निघाली होती. दोन वाजता कंट्रोल म्हणालं, पार्टी पोचली, शोध चालू आहे, आवाज येतोय का? आम्ही कान लावले. काही नाही. नेगीने पत्र्यावर दगडाने ठोकलं. तीनदा ठोकायचं, थांबायचं, ऐकायचं. बर्फ जाड असेल, मी स्वतःला सांगत होतो. मनाची समजूत घालायला माणसाला फार हुशारी लागत नाही.

आत जागा इतकी होती की दोघं बसलो की गुडघे एकमेकांना लागत. स्टोव्ह पेटवता येत नव्हता, धूर कोंडला असता. पत्रा अधूनमधून कुरकुरायचा आणि प्रत्येक वेळी आम्ही तिघं वर बघायचो. मला भीती वाटत होती. अठरा वर्षांत गोळीबारात वाटली नव्हती एवढी. गोळी दिसत नसली तरी माणूस पळू शकतो, आडोसा घेऊ शकतो. इथे आडोशानेच धरून ठेवलं होतं. मी भरतचं डोकं मांडीवर घेतलं आणि हातमोजे काढून त्याचे कान चोळत बसलो.

तीन वाजता ऑपरेटरचा आवाज बदललेला होता.

"पूरा ढलान देख लिया. वहाँ ना अॅव्हलांश है, ना शेल्टर. कन्फर्म लोकेशन. ओव्हर."

मी बटण सोडलं. खाली पाहिलं. भरतचे ओठ काळे पडले होते.

"भरत, नवरी किती म्हणालास?"

"५७९०. मघाशीच सांगितला."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी कंट्रोलला ५७९० सांगितलं. त्यांची पंचाईत मला कळत होती. तीन तासांपूर्वी छातीठोकपणे एक आकडा देणारा माणूस आता दुसरा देत होता. अंधारायला चार तास होते. करवलीचा नाला उतरून नवरीचा चढायला अडीच तास, तेही सकाळपासून ऊन खाल्लेल्या उतारावरून. पुन्हा चूक झाली तर पार्टीच गाडली जायची.

"पहले ५८४५, अब ५७९०. पक्का कौन सा? ओव्हर."

"५७९०. ओव्हर."

"कैसे मालूम? कोई निशानी दो. ओव्हर."

बॅटरीचा दांडा लुकलुकू लागला होता. निशाणी काय देणार? डोंगर सगळे पांढरे. माहुली त्यांना माहीत नाही, आमची नवरी माहीत नाही. तेव्हा भरतच म्हणाला, "बोरा साहेब. बोरा साहेबांस इचारा. कमळवाली."

या वेळी मी एका क्षणाचाही उशीर केला नाही.

"कॅप्टन बोरा साहब को मेसेज दो. आठों में जो एक औरत है, उसके नीचे. हे शियेनगू. वर्ड बाय वर्ड लिखो. ओव्हर."

पलीकडच्यांचं नाव, उघड रेडिओवर. सिक्युरिटीच्या नावाने त्यासाठी माझ्यावर कारवाई होऊ शकत होती. ऑपरेटर "आठों में" इतकं परत म्हणाला आणि सेट मेला.

त्याने काय लिहून घेतलं, काय नाही, आम्हाला कळायला मार्ग नव्हता. नेगी तीनदा ठोकायचा, थांबायचा. त्याने मला काही विचारलं नाही. मराठी त्याला येत नव्हती, पण आकडे हिंदीत आणि मराठीत फार वेगळे नसतात. सगळं त्याला कळलं होतं.

चारच्या पुढे भरत म्हणाला, "दादा, बोला कायतरी. झोप येते."

मी बोलत राहिलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. किन्हवलीच्या बाजाराचं बोललो, आमच्या शाळेतल्या मास्तरांचं बोललो. मग म्हणालो, "भरत, तुझं बरोबर होतं. मी ऐकायला पाहिजे होतं."

"ऱ्हाऊं द्या."

"नाही. चुकलं माझं."

तो डोळे मिटून थोडा हसला. "मंग चार-चार करा. येक डोंगर द्या आमाला."

"दिला. भटजी तुझा."

"भटजी नको. नवरी द्या."

"दिली," मी म्हणालो. "आजपासून नवरी मुरबाडची."

त्यानंतर तो दोनदा पाणी म्हणाला. नेगीने बर्फ तोंडात विरघळवून, बोटाने त्याच्या ओठांवर लावला. एकदा त्याने बायकोचं नाव घेतलं, सुरेखा. ५.४० ला त्याचा श्वास थांबला. मी दहा मिनिटं छाती दाबत होतो. मग नेगीने माझा हात धरला.

६.०५ ला वर फावड्याचा आवाज आला.

कॅप्टन बोरा त्या दिवशी शेजारच्या पोस्टवर होते, तिथून स्वतः येऊन पार्टीला मिळाले होते. निरोप हातात पडल्याबरोबर त्यांनी नकाशावर बोट ठेवलं होतं, एक मिनिटही लागलं नव्हतं. मला भोकातून वर ओढताना त्यांनी विचारलं, "देसले?" मी मान हलवली. ते बर्फात खाली बसले.

पुढे चौकशी झाली. मी सांगितलं, घाईत चुकीचा आकडा दिला. ते खरंच होतं. नेगीला विचारलं तेव्हा तो म्हणाला, हवालदार साहेबांनी जे केलं ते बरोबर केलं. दुसऱ्या पलटणीच्या माणसाने मला वाचवलं आणि मी स्वतःला वाचवू दिलं. इतक्या उंचीवर डोक्याला प्राणवायू कमी पडतो, अशी चूक कुणाकडूनही होऊ शकते, असा शेरा पडला. भरतच्या घरी जाणाऱ्या पत्राचा मसुदा मीच केला. अशा पत्रांत एक वाक्य ठरलेलं असतं, घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून. मार लागताक्षणी शुद्ध हरपली, वेदना झाल्या नाहीत. ते वाक्य मी माझ्या हाताने लिहिलं.

निवृत्त झाल्यावर मी वाशिंदला घर घेतलं. दर वर्षी मार्चमध्ये भरतच्या गावी जातो. शहापूरला एसटी बदलायची, किन्हवलीवरून मुरबाड, तिथून रिक्षा. सुरेखा मला भावजी म्हणते. चहा होतो, जेवण होतं. मी भरतच्या गमती सांगतो, ती ऐकते. संध्याकाळच्या गाडीने मी परत येतो. अशी सात वर्षं गेली.

यंदा गेलो तेव्हा ती ओटीवर सुपात नाचणी पाखडत होती. चहा ठेवायला उठू लागली. मी म्हणालो, "वहिनी, बसा. चहा नको." आणि सगळं सांगितलं. वेळेसकट सांगितलं. गप पड म्हणालो तेही सांगितलं.

सूप थांबलं होतं. ती गोरखगडाकडे तोंड करून बसली.

"म्हंजे ते सुदीवर होते?"

"सहा तास."

"सा तास." तिने सुपातली नाचणी उगाच बोटांनी पसरली. "आन् मी सात वर्सं म्हणतेय, बरा झाला, कायच कळला नसंल त्यांना." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "माजा नाव घेतला?"

"हो. एकदा."

तिने पदराने डोळे पुसले नाहीत. पाणी गालावरून तसंच गळू दिलं.

"तुमी आयकला असता तं आज ते हितं असते?"

याचं उत्तर मी सात वर्षं टाळत आलो होतो.

"बहुतेक असता," मी म्हणालो.

"माफ केला असा मी म्हणणार नाय, भावजी. माज्याच्यानी व्हायचा नाय." ती उठली, सूप भिंतीला टेकवलं. "पन येक काम करा. कागदावर हाय का ते बेसूद होते. माजी पोरगी त्योच कागद वाचती. त्यांनी बरोबर सांगितला व्हता ना?"

"पहिल्या पाच मिनिटांत."

"मंग ते लिवा. तुमच्या हातानी लिवा."

म्हणून हे लिहिलं. अधिकृत कागदात आता बदल होईल की नाही, मला माहीत नाही. अर्ज दिला आहे. तोवर माझ्याकडून ही नोंद. अॅव्हलांश ११.४० ला झाला. हवालदार सुनील गायकवाड याने १२.०५ ला चुकीचं ठिकाण सांगितलं. नाईक भरत देसले कमरेपर्यंत बर्फात अडकलेला असून पूर्ण शुद्धीवर होता, आणि १२.१० ला त्याने बरोबर ठिकाण सांगितलं.